छातीतला चुना

साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरात न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब होता. दिवाळी आठ दिवसांवर आली की आजी चिंचेचा कोळ आणि राख घेऊन बसायची आणि तो बाहेरून लखलखीत करायची. आतला पांढरा थर मात्र तिच्या हाताला दाद देत नसे. तो आजोबा काढत, बोथट पटाशीने, टकटक करत. अंड्याच्या कवचासारख्या खपल्या निघत आणि मी त्या गोळा करून पाटीवर रेघा ओढायची. "आपल्या विहिरीचं पाणी जड आहे," आजोबा सांगायचे. "थंड असेतो चुना पाण्यात राहतो, उकळलं की भांड्याला धरतो."

हाच चुना माणसाच्या छातीतही धरतो हे मला कळलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते.

मी डायलिसिस टेक्निशियन. १९८८ मध्ये पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या तळघरात, चार मशीनच्या युनिटमध्ये लागले आणि एकतीस वर्षं तेच काम केलं. सुया टोचायच्या, पेशंट मशीनला लावायचा, चार तास रक्तदाबावर नजर ठेवायची, उतरवल्यावर रक्त थांबेपर्यंत टोचलेली जागा बोटांनी दाबून धरायची. या कामाचा इतिहास म्हटलं की लोकांना मशीन शोधणारे डॉक्टर आठवतात. मला तो पाण्याचा आणि चुन्याचा इतिहास वाटतो, आणि तो मला एका पेशंटमुळे शोधावासा वाटला.

आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. वाईकडचे प्राथमिक शिक्षक. सोमवार-गुरुवार पहाटेची एसटी धरून यायचे, डायलिसिस झाल्यावर दुपारच्या गाडीने परत. सहा वर्षं हे चाललं होतं. त्या काळात सहा वर्षं टिकलेला पेशंट आमच्याकडे दुसरा नव्हता. १९९२ च्या पावसाळ्यात त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. एक्स-रेत फुप्फुसांच्या वरच्या भागात कापसासारखे पांढरे डाग दिसले. डायलिसिसच्या पेशंटला धाप लागली की सगळ्यांच्या मनात पहिलं एकच येतं: पाणी साठलंय. म्हणून आम्ही पाणी ओढलं. ड्राय वेट, म्हणजे डायलिसिसनंतर उरायला हवं ते वजन, अर्धा किलोने खाली आणलं, मग आणखी अर्धा. मास्तरांच्या पोटऱ्यांत वांब यायला लागले, रक्तदाब नव्वदवर आला, ओठ सुकले. एक्स-रे होता तसाच राहिला. मग न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक झाली. थुंकी तपासली, क्षयाचे जंतू नव्हते.

शेवटी हाडं दुखतात म्हणून त्यांना हाडांच्या स्कॅनसाठी मुंबईला पाठवलं. या तपासात टेक्निशियम जोडलेलं औषध शिरेतून देतात. ते हाडाकडे ओढलं जातं आणि फिल्मवर हाडं काळी उमटतात. मास्तरांच्या फिल्मवर बरगड्यांच्या आत दोन्ही फुप्फुसं काळी उमटली होती, हाडांइतकी गडद. आमच्या डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हाडातला चुना फुप्फुसात येऊन बसलाय."

ते वाक्य घेऊन मी त्या रात्री रुग्णालयाच्या ग्रंथालयात गेले. नंतरही अनेक वर्षं जात राहिले.

या चुन्याला नाव दिलं रुडॉल्फ व्हिर्को यांनी, १८५५ साली. १८४८ च्या बंडाळीत व्हिर्को बर्लिनच्या रस्त्यावर उतरले होते, त्याची किंमत म्हणून त्यांना तिथली जागा सोडावी लागली. मग ते व्यूर्ट्सबुर्ग विद्यापीठात आले आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर दिवसरात्र काम करू लागले. हाडं झिजलेल्या काही मृतांच्या फुप्फुसांत आणि जठरात त्यांना चुना सापडला. एरवी शरीरात चुना बसतो तो मेलेल्या किंवा जखमी पेशीसमूहात, क्षयाच्या जुन्या गाठीत वगैरे. इथे मांस निरोगी होतं आणि तरी त्यात चुना होता. व्हिर्कोंनी ताडलं की हाडातून विरघळलेला चुना रक्तातून प्रवास करून इथे उतरलेला आहे. मूत्रपिंडं त्याला बाहेर टाकू शकत नसतील तर तो जाणार कुठे? कर्करोग एका जागेहून दुसरीकडे जातो त्याला जो शब्द वापरत तोच त्यांनी चुन्याला लावला: कल्क-मेटास्टासेन, म्हणजे स्थलांतरित चुना. हे सगळं सूक्ष्मदर्शक आणि सुरी एवढ्याच भांडवलावर केलेलं. रक्तातलं कॅल्शियम मोजायची सोय तेव्हा नव्हती. एखादा माणूस कापलेल्या फुप्फुसाकडे पाहून हाडापासून छातीपर्यंतची वाट मनाशी आखतो, याचं मला आजही नवल वाटतं.

फुप्फुसच का, हे कळायला आजोबांचा बंब पुरेसा होता. पाणी उकळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याची आम्लता घटते आणि विरघळून राहिलेला चुना खाली बसतो. फुप्फुस दिवसरात्र हेच करतं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतं. त्यामुळे तिथली आम्लता शरीरात इतरत्र असते त्याहून कमी. त्यातही फुप्फुसाच्या वरच्या भागात रक्त कमी पोचतं आणि त्या मानाने हवा जास्त, म्हणून आम्लता सर्वांत कमी तिथेच. मास्तरांचे डाग वर होते ते यामुळे. जठर आम्ल आत सोडतं आणि त्याची भिंत मागे आम्लाविना उरते. तिथेही चुना बसतो. बंबात बसतो तो कार्बोनेट, माणसात बसतो तो फॉस्फेट, एवढा फरक. वायुकोशांच्या मधल्या तलम भिंतींत तो कणाकणाने साठतो. अशी फुप्फुसं शवविच्छेदनात बाहेर काढली तरी आक्रसत नाहीत, ताठच राहतात, आणि सुरीखाली वाळूसारखी करकरतात.

पण व्हिर्कोंनंतर शंभर वर्षं ही दुर्मीळ गोष्टच राहिली. मूत्रपिंडं निकामी झालेला माणूस चुना साठण्याइतका जगतच नव्हता.

तो जगू लागला मशीनमुळे. जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, काम्पेन नावाच्या छोट्या गावात, विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने १९४३ मध्ये लाकडी पट्ट्यांचं पिंप बनवलं आणि त्याला सॉसेज भरतात ती सेलोफेनची नळी गुंडाळली. पिंप मिठाच्या पाण्यात अर्धं बुडून फिरायचं आणि नळीतल्या रक्तातली घाण पाण्यात उतरायची. ते पाणी ज्या टाकीत असे ती गावातल्या एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्याच्या मदतीने झालेली. पहिल्या दीड-दोन वर्षांतले जवळजवळ सगळे पेशंट गेले. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली आणि पुढे काही वर्षं जगली. पण ते यंत्र फक्त तात्पुरत्या बिघाडासाठी होतं. दर वेळी रक्त काढायला नवी धमनी, नवी शीर उघडावी लागे आणि थोड्याच वेळात त्या संपत.

ही अडचण सिअ‍ॅटलला सुटली. बेल्डिंग स्क्रिबनर यांना टेफ्लॉनच्या नळीची कल्पना सुचली: एक टोक धमनीत, एक शिरेत, आणि डायलिसिस नसेल तेव्हा दोन्ही बाहेरच्या बाहेर जोडून ठेवायची, म्हणजे रक्त वाहतं राहील आणि गोठणार नाही. नळीला योग्य बाक देऊन ती प्रत्यक्षात घडवली वेन क्विंटन यांनी. ते डॉक्टर नव्हते, विद्यापीठातली उपकरणं बनवणारे कारागीर होते. हे नाव मी आमच्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला पाठ करायला लावलं. ९ मार्च १९६० रोजी ती नळी क्लाइड शील्ड्स यांच्या हाताला बसवली. बोइंगच्या कारखान्यात यंत्रावर काम करणारा हा माणूस मरणाच्या दारात होता. तो पुढे अकरा वर्षं जगला.

१९६२ च्या जानेवारीत तिथे जगातलं पहिलं बाह्यरुग्ण डायलिसिस केंद्र सुरू झालं. मशीन थोडी, पेशंट पुष्कळ. कोणाला जागा द्यायची हे ठरवायला गावातल्या सात जणांची समिती बसली. तिच्यात वकील होता, धर्मगुरू होता, गृहिणी होती. शाना अलेक्झांडर यांनी त्याच वर्षी 'लाइफ' साप्ताहिकात त्यावर लिहिलं आणि अमेरिका हादरली. आमच्या तळघरात समिती नव्हती, पण वही होती. चार मशीन, दोन पाळ्या, आणि वहीच्या शेवटच्या पानावर थांबलेल्यांची नावं. एखादा पेशंट गेला की त्या पानावरच्या पहिल्या नावाला फोन करायचं काम माझं होतं. पलीकडून आनंदाने ओरडलेले आवाज मी ऐकलेत.

सिअ‍ॅटलच्या त्या पहिल्या मंडळींना युरियाने मारलं नाही, पण थोड्याच काळात त्यांच्या सांध्यांभोवती चुना साठू लागला. व्हिर्कोंचा चुना शंभर वर्षांनी परत आला. का, ते हळूहळू उलगडलं. निकामी मूत्रपिंड फॉस्फरस बाहेर टाकत नाही. ड जीवनसत्त्वाचं जे रूप शरीराला कामाला येतं ते मूत्रपिंडातच तयार होतं, हे केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिचेक यांनी १९७० मध्ये दाखवलं. ते बंद पडलं की आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. मग गळ्यात थायरॉइडच्या मागे असलेल्या, मसुरीच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी वाढतात आणि हाडं विरघळवून कॅल्शियम रक्तात सोडत राहतात. रक्तात कॅल्शियमही वाढलं आणि फॉस्फरसही, की दोघं मिळून जागा मिळेल तिथे उतरतात. दोन्ही आकड्यांचा गुणाकार ७० च्या वर गेला की सावध व्हायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. मास्तरांचं कॅल्शियम १०.८ होतं आणि फॉस्फरस ८.२. मी गुणाकार त्यांच्या केसपेपरच्या कडेला पेन्सिलीने केला. तो ८८ च्या पुढे गेला.

आता पाण्याकडे येते, कारण आमचं खरं काम तिथे आहे. डायलिसिसच्या चार तासांत पेशंटच्या रक्ताशेजारून साधारण १२० लिटर पाणी वाहतं. मध्ये फक्त एक पातळ पडदा. पिण्याचं पाणी निदान आतड्यातून गाळून रक्तात जातं. हे थेट भिडतं. त्यात कॅल्शियम जास्त असलं तर ते रक्तात चढतं. १९६७ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी याला नावच दिलं, जड पाण्याचा विकार: मळमळ, उलट्या, अशक्तपणा, चढलेला रक्तदाब.

मी तो स्वतः घडवला आहे. १९८९ चा गणपती. आमच्याकडे आरओ नव्हता, सॉफ्टनर होता. त्यातल्या रेझिनने पाण्यातला चुना पकडायचा आणि भरला की रात्री मिठाच्या पाण्याने तो धुवून पुन्हा ताजा करायचा. त्या रात्री ती पाळी माझी होती आणि मला साताऱ्याची शेवटची गाडी गाठायची होती. मी मीठ न घालता निघून गेले. सकाळी पहिल्या पाळीतल्या चारही पेशंटना दीड तासात उलट्या सुरू झाल्या. एका आजींचं डोकं फुटायला आलं, रक्तदाब २०० च्या वर. आमचे सीनियर टेक्निशियन, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी पेशंटला हात लावायच्या आधी नळाचं पाणी परीक्षानळीत घेतलं, रंग पाहिला आणि चारही मशीन बंद केली. चौघंही वाचले. मी परत आल्यावर अण्णा ओरडले नाहीत. त्या आजींच्या खाटेशेजारी मला स्टूल दिलं आणि म्हणाले, "बस इथं दिवसभर."

चुन्यावर पहिला उतारा निघाला अ‍ॅल्युमिनियमचा. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड जेवणाबरोबर घेतलं की ते अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवतं. आम्लपित्तावरचं ते पांढरं, दाट औषध आमचेही पेशंट बाटल्याच्या बाटल्या रिचवत. त्यातून दुसरं संकट उभं राहिलं. १९७२ च्या सुमारास डेन्व्हरच्या अ‍ॅलन अ‍ॅल्फ्री यांना दिसलं की वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्या काहींची आधी जीभ अडखळते, मग हातपाय झटके देतात, मग स्मृती जाते, आणि काही महिन्यांत माणूस जातो. १९७६ मध्ये त्यांनी मृतांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियम मोजून दाखवलं. तिकडे इंग्लंडात न्यूकॅसलला डायलिसिसच्या पेशंटची हाडं मोडत होती. १९७८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी बोट ठेवलं नळाच्या पाण्यावर. गढूळ पाणी निवळायला त्यात अ‍ॅल्युमिनियमचे क्षार टाकत.

हे वाचताना माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. आपल्याकडे पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवतात. माझ्या आईने फिरवली, आजीने फिरवली. तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच. धडधाकट मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, म्हणून आपलं काही बिघडत नाही. पण आठवड्याला शेकडो लिटर पाणी रक्ताला भिडवणाऱ्या माणसाचं काय? दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना विचारलं, गावाकडे तुरटी वापरता का. ते हसून म्हणाले, "ताई, तुरटीशिवाय कृष्णेचं पाणी श्रावणात पिणार कसं?" मी नगरपालिकेच्या पाण्याबद्दल अण्णांना विचारलं आणि मग आम्ही दोघं डॉक्टरांच्या मागे लागलो. आरओ यायला १९९४ उजाडलं.

याच अ‍ॅल्फ्रींच्या गटाने छातीतल्या चुन्याचाही छडा लावला होता. १९७३ मध्ये त्यांनी दाखवलं की रक्तवाहिन्यांत बसणारा चुना हाडातल्या खनिजासारखा असतो, पण फुप्फुसात बसणारा निराळा, बिनस्फटिकी, मॅग्नेशियम धरून असलेला. १९७५ मध्ये जॉन काँगर आणि अ‍ॅल्फ्री यांनी डायलिसिसच्या पेशंटची फुप्फुसं जिवंतपणी आणि मेल्यावर तपासून सांगितलं की हा चुना मुळीच दुर्मीळ नाही. पुष्कळांना तो असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. साध्या एक्स-रेत दिसत नाही, दिसला तर पाणी किंवा न्यूमोनिया वाटतो. आम्ही मास्तरांबाबत नेमके त्याच दोन चुकांतून गेलो होतो, सतरा वर्षांनंतर. कागदावर लिहिलेलं तळघरापर्यंत पोचायला एवढा काळ लागतो, याचा मला तेव्हा फार राग आला होता. तो अजून पूर्ण गेलेला नाही.

अ‍ॅल्युमिनियमची भीती बसल्यावर ऐंशीच्या दशकात जग कॅल्शियम कार्बोनेटकडे वळलं. तेही फॉस्फरस धरतं, स्वस्त आहे, मेंदूला बाधत नाही. पण ते कॅल्शियमच. मास्तर रोज सहा गोळ्या घेत होते, वर ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल, कारण त्यांची हाडं दुखत होती. म्हणजे चुना काढायला आम्ही त्यांना चुनाच देत होतो. यात कोणी निष्काळजी नव्हतं. हातात दुसरं औषधच नव्हतं. कॅल्शियम नसलेलं सेव्हेलॅमर अमेरिकेत मान्य झालं १९९८ मध्ये, आणि आमच्या पेशंटच्या खिशाला ते त्यानंतरही कितीतरी वर्षं झेपलं नाही.

डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली, गोळ्या कमी केल्या, डायलिसिसच्या पाण्यातलं कॅल्शियम उतरवलं आणि १९९३ मध्ये पॅराथायरॉइड ग्रंथी काढायची शस्त्रक्रिया करवली. हाडांचं दुखणं पंधरा दिवसांत थांबलं. धाप थोडी कमी झाली. फुप्फुसातले डाग राहिले. मास्तरांना मी आहार समजावला: दूध, दही, डाळी, शेंगदाणे बेताने. ते म्हणाले, "शेंगदाण्याचं कूट नाही, मग भाजी कशी करायची ते तुम्हीच आमच्या घरी सांगा." मी खरंच वाईला गेले. त्यांच्या पत्नीला कूट न घालता भाजी करून दाखवली. दोघांनी ती मुकाट्याने खाल्ली.

फॉस्फरस आहारातून तोडून संपत नाही, हे मला नंतर कळलं. चार तासांचं डायलिसिस साधारण ८०० मिलिग्राम फॉस्फरस काढतं आणि साधं जेवण एका दिवसात तेवढं किंवा जास्तच देतं. शिवाय तो पेशींच्या आत दडलेला असतो. रक्त साफ झालं की सावकाश बाहेर येतो. घाईचं डायलिसिस त्याला गाठू शकत नाही. सिअ‍ॅटलचे पहिले पेशंट रात्र-रात्र मशीनवर असत. १९९० च्या दशकात टोरांटोच्या डॉक्टरांनी पेशंटला घरी, झोपेत, जवळजवळ रोज रात्रभर मशीनवर ठेवलं, तेव्हा फॉस्फरस इतका उतरला की काहींना तो पाण्यात वरून मिसळून द्यावा लागला. आमच्याकडे मात्र आठवड्याला दोनदा, चार तास. वहीत थांबलेली नावं होती, तास वाढवायचे कुणाचे? या प्रश्नाने मला जितकं छळलं तितकं दुसऱ्या कशाने नाही.

मास्तर १९९५ च्या मार्चमध्ये गेले, घरी, पहाटे. त्यांच्या पत्नी स्कॅनची फिल्म मला देऊन गेल्या. ती माझ्या कपाटात आहे.

२०१६ मध्ये केंद्राची डायलिसिस योजना आली, त्याच सुमाराला राज्याच्या योजनेतूनही पेशंट येऊ लागले, आणि जिल्ह्याजिल्ह्यात मशीन बसली. निवृत्तीनंतर अशा नव्या युनिटांची मुलं मला बोलावतात. मागच्या वैशाखात माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी गेले होते. पाच नवी मशीन, वातानुकूलित खोली, भिंतीवर फुलांची चित्रं. पाणी टँकरचं आणि बोअरचं. मुलगा मला मशीन दाखवायला निघाला होता. मी म्हटलं, आधी पाणी बघू.

सॉफ्टनरच्या नळातून परीक्षानळी भरून घेतली, थेंब टाकले. पाणी निळं व्हायला हवं. ते लालसर राहिलं, कोकमाच्या सरबतासारखं. मुलगा माझ्याकडे पाहत होता. मी त्याला विचारलं, मीठ शेवटचं कधी घातलंस? त्याने आठवून सांगितलं, परवा. मग आम्ही दोघांनी मिठाची गोणी उचलून टाकीत रिकामी केली, वेळ लावली आणि बाहेर बाकावर बसलो. पहिल्या पाळीचे पेशंट आले होते. त्यांना मी सांगितलं, आज उशीर होईल, आधी चहा घेऊन या.